ऋणाईत वाटसरू : काटकसरीचा प्रवास आणि मराठी प्रवासवर्णन

१

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करताना समीक्षेने आजवर स्थलवर्णनातील चित्रमयता, निवेदकाचे व्यक्तिमत्त्व, शैलीची प्रसन्नता, माहिती आणि अनुभव यांचा समतोल असे निकष प्राधान्याने वापरले आहेत. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. मात्र एक साधा व्यावहारिक प्रश्न या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. या प्रवासाचा खर्च कोणी आणि कसा भागवला, हा तो प्रश्न होय. तो वाङ्मयबाह्य वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रवासी कोठे उतरतो, कोणाच्या शेजारी बसतो, कोणाकडे पाणी मागतो आणि कोणाशी घासाघीस करतो, हे त्याच्या कनवटीला काय आहे यावर अवलंबून असते. आणि त्याच्या लेखनात कोणती माणसे येतील व कोणती वगळली जातील, हेही त्यावरूनच बव्हंशी ठरते. प्रवासाचे अर्थकारण हे अशा रीतीने प्रवासवर्णनाच्या दृष्टिकोनाचे अंग बनते.

गेल्या अर्धशतकात काटकसरीचा प्रवास ही एक जाणीवपूर्वक स्वीकारलेली जीवनशैली झाली आहे. १९७३ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही मार्गदर्शक पुस्तकांची विख्यात माला जन्माला आली. पाठीवर पिशवी टाकून आशियातील शहरे थोडक्या पैशांत पालथी घालणारा पाश्चात्त्य तरुण हा तेव्हापासून परिचित झाला. सह्याद्रीतील किल्ल्यांवर सॅक घेऊन भटकणारा मराठी तरुणही पुढे याच वाटेने जयपूर, बँकॉक, हनोई अशा शहरांत पोहोचला.

मराठी भाषेला मात्र हा वाटसरू नवा नव्हता. त्याच्या सामानाचे शब्द तिच्याजवळ पूर्वीपासून आहेत : शिदोरी, पडशी, वळकटी, झोळी, कावड. यांतील काही शब्द केवळ वस्तूंची नावे नाहीत. शिदोरी म्हटले की ती बांधून देणारे घरातील हात सूचित होतात. झोळीत दुसऱ्या कोणीतरी काही घालावे लागते. कावड वाहायची ती बहुधा कोणा दुसऱ्यासाठी. पाठपिशवीत मात्र वाहणाऱ्याचे स्वतःचेच सामान असते. अल्पखर्ची प्रवासाचे जुने आणि नवे रूप यांतील अंतर या शब्दांतच दिसू लागते. ते कितपत खोल आहे, हे पाहण्यासाठी एखादे विशिष्ट ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. सांगानेर हे तसे ठिकाण आहे.

२

सांगानेर हे जयपूरच्या तटबंदीतील जुन्या शहरापासून दक्षिणेला सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेले गाव आता महानगरात सामावले गेले आहे. जयपूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या दृष्टीने त्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. विमानाने येणारा प्रवासी उतरतो तो सांगानेरच्याच विमानतळावर. मुंबईहून कोटा-सवाई माधोपूरमार्गे येणारी आगगाडी जयपूरच्या आधी सांगानेर स्थानक ओलांडते. सांगानेरला न लागता जयपूरला जाणे त्याला जवळजवळ अशक्य, आणि तरीही तो सांगानेर पाहत नाही. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेले आखीव शहर, १८७६ मध्ये त्याला लाभलेला गुलाबी रंग, हवामहल आणि जंतरमंतर यांनी त्याचे दोन-तीन दिवस व्यापले जातात. सांगानेर त्याला भेटते ते बापू बाजारातील दुकानात, चादरीच्या किंवा कुर्त्याच्या रूपाने. तेही भाव पाडून.

त्या कापडामागे एक पूर्ण व्यवहार आहे. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर नाजूक फुलांचे बुट्टे हे सांगानेरी छपाईचे वैशिष्ट्य. शेजारच्या बगरूची ओळख गडद जमिनीची आणि चिखलाचा लेप देऊन केलेल्या ‘दाबू’ची. पारंपरिक पद्धतीत कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग सिद्ध होतो. तुरटीच्या ठशावर लाल रंग उमटतो. आकृतीची रेषा उमटवणारा ठसा ‘रेख’, आत रंग भरणारा ठसा ‘दत्ता’. प्रत्येक रंगाला निराळा ठसा असतो, आणि एका चादरीवर तो शेकडो वेळा हाताने ठोकावा लागतो. दोन ठसे जेथे जुळतात तेथे केसभर चूक राहते, आणि ती चूकच हाताच्या कामाची खूण असते. या छपाईला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले आहे.

कापड धुण्यासाठी पाणी लागते, आणि सांगानेरची कीर्ती त्याच्या पाण्यामुळेच झाली असे मानले जाते. आज मात्र त्या पाण्याची कथा सुखद नाही. गावाजवळून वाहणारी द्रव्यवती नदी ‘अमानीशाहचा नाला’ या नावानेच अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त जाळीछपाई आणि रासायनिक रंग आले, कारखाने वाढले, आणि रंगीत सांडपाणी प्रवाहात मिसळू लागले. त्यावरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाले आणि नदीच्या पुनरुज्जीवनाची मोठी योजनाही हाती घेण्यात आली.

सांगानेरचा दुसरा उद्योग हातकागदाचा. सुती चिंध्यांपासून कागद करणारे कागदी समाजाचे कारागीर येथे पिढ्यानुपिढ्या राहत आले आहेत, आणि ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र वर्ध्याच्या मगनवाडीतून मांडणाऱ्या कुमारप्पांच्या नावाची हातकागद संस्थाही येथेच आहे. मराठी वाचकाला हा उद्योग परका वाटू नये. दौलताबादजवळचे कागदीपुरा आणि जुन्नर येथील कागदावरच मराठ्यांची दप्तरे लिहिली गेली.

३

या परिसराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे, आणि त्याची रूपे परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावाची आई राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाली तेव्हा सवाई जयसिंहाने तिचा जयपुरात सन्मानाने पाहुणचार केला. हा मानकऱ्याचा प्रवास. त्यामागे पेशव्यांच्या वाढत्या सामर्थ्याची छाया होती. अवघ्या सोळा वर्षांनंतरचा प्रसंग याच्या अगदी उलट आहे. मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये आत्मघात केला. पुढच्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, शहराची शोभा पाहण्यास, देवदर्शनास आणि खरेदीस निर्धास्तपणे तटाच्या आत गेलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले आणि त्यांची भीषण कत्तल झाली.

इतिहासकार या घटनेचा विचार राजकारणाच्या अंगाने करतात. प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. त्या दिवशी तटाच्या आत शिरलेले लोक आपल्या दृष्टीने केवळ प्रेक्षक होते. यजमान शहराच्या दृष्टीने ते घेणेकरी होते. आपण फक्त पाहायला आलो आहोत, ही पाहणाऱ्याची समजूत यजमानाला मान्य असतेच असे नाही. प्रवाशाचा निरागसपणा त्याने स्वतः जाहीर करून सिद्ध होत नाही.

मानकरी आणि खंडणीदार यांच्यापूर्वी मात्र एक तिसरा मराठी प्रवासी या मुलखात येऊन गेलेला आहे. ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या उत्तरेच्या यात्रेचे निवेदन नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावली’च्या अभंगांत आहे. या अभंगांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी मराठीतील प्रवासकथनाच्या आरंभी त्यांचे स्थान राहतेच. त्यांतील विहिरीचा प्रसंग सर्वपरिचित आहे. मारवाडच्या निर्जल प्रदेशात दोघांना तहान लागते. विहीर खोल असते. ज्ञानदेव लघिमा सिद्धीच्या बळावर आत उतरून पाणी पितात. नामदेव मात्र विठ्ठलाला आळवतात आणि पाणी काठापर्यंत चढून येते.

सगुण भक्तीचे श्रेष्ठत्व ठसवणारा चमत्कार म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. प्रवासाच्या दृष्टीने वाचला असता तो स्वावलंबन आणि परावलंबन यांविषयी बोलतो. सामर्थ्याने मिळवलेले पाणी मिळवणाऱ्यापुरते असते. आळवणीने वर आलेले पाणी काठावर येते आणि पुढे येणाऱ्या कोणालाही मिळते. ज्याला मागावे लागते, त्याच्या मागण्याने वाट इतरांसाठीही खुली होते, असे या कथेचे ऐहिक तात्पर्य सांगता येईल.

हे तात्पर्य केवळ रूपकात्मक नाही. महाराष्ट्रात शिंपी म्हणून ओळखले जाणारे नामदेव उत्तरेत ‘छीपा’ म्हणून ओळखले जातात. छीपा म्हणजे कापड छापणारा. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि राजस्थानातील हिंदू छीपा समाज नामदेवांना आपले संत मानतो. सांगानेर आणि बगरू येथे ठसे ठोकणाऱ्या कारागिरांत हा समाज मोठा आहे. म्हणजे बापू बाजारात चादरीचा भाव पाडणारा मराठी प्रवासी ज्या हातांची मजुरी कमी करत असतो, त्यांतील कित्येक हात पंढरपूरच्या नामदेवाला जोडले जाणारे असतात. सत्तेने गेलेल्या मराठ्यांच्या मागे या प्रदेशात रक्ताची आणि खंडणीची आठवण राहिली. झोळी घेऊन गेलेल्या मराठी माणसाचे नाव मात्र एका समाजाने स्वतःचे म्हणून धारण केले.

४

परावलंबी प्रवासाचे वाङ्मयीन फलित सर्वांत स्पष्ट दिसते ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये. वरसईहून गोडसे भटजी १८५७ मध्ये चुलत्यांसह निघाले, ते देश पाहण्याच्या हौसेने नव्हे. घर कर्जात होते, आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. ऋण फेडण्यासाठी केलेला हा प्रवास बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी आतून पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. आणि सुमारे अडीच वर्षांनी ते घरी परतले तेव्हा त्यांच्याजवळ मुख्यतः गंगेची कावड होती. वृत्तांत त्यांनी पुष्कळ वर्षांनंतर लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये संस्कार करून प्रसिद्ध केला, आणि मूळ स्वरूपातील संहिता १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी प्रकाशात आणली.

या ग्रंथाचे महत्त्व ऐतिहासिक साधन म्हणून वारंवार सांगितले गेले आहे. त्याचे वाङ्मयीन सामर्थ्य कशात आहे? गोडसे भटजींना कोणत्याही गावी स्वतःच्या बळावर राहता येत नाही, यात ते आहे. अन्न, निवारा आणि सुरक्षितता यांसाठी त्यांना प्रत्येक मुक्कामी कोणाची तरी ओळख काढावी लागते, आणि त्यामुळे प्रत्येक मुक्काम हा माणसांचा मुक्काम होतो. शिपाई, आश्रित, स्वयंपाकी, शास्त्री, राजस्त्रिया अशी माणसे त्यांच्या निवेदनात गरजेच्या वाटेने येतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी लक्ष्मीबाई ब्राह्मणाला पाणी काढू न देता स्वतः मडके ओढते, हा प्रसंग मराठी मनावर कायमचा कोरला गेला, कारण तेथे राणी आणि भिक्षुक दोघेही तहानलेले, दोघेही निराधार आहेत. सुखरूप आणि सुसज्ज प्रवाशाला हा प्रसंग दुरूनही दिसला नसता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गोडसे भटजींचे परावलंबन त्यांच्या जातीने सुसह्य केलेले होते. अनोळखी गावातही ब्राह्मणाला पंगतीत पान मिळण्याची शक्यता होती. ती प्रत्येक वाटसरूला नव्हती. आश्रय मागण्याचा अधिकारही समाजात विषमपणे वाटलेला असतो. औंढ्या नागनाथाच्या देवळापुढून नामदेवांना हटवल्याची परंपरागत कथा याचीच साक्ष देते. स्त्रीच्या बाबतीत ही विषमता आणखी तीव्र होते. पंडिता रमाबाईंचे बालपण व तारुण्यारंभ पुराणकथन करत फिरणाऱ्या कुटुंबाच्या अखंड वाटचालीत गेला. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गेले आणि भावासह त्या पायीच भटकत राहिल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात नायगरापेक्षा तेथील संस्था, शाळा, स्त्रियांची संघटित कामे आणि लोकांनी उभा केलेला पैसा यांकडे अधिक लक्ष आहे, याचा उलगडा या पूर्वायुष्यावरून होतो. उपाशी चाललेल्या माणसाला समाजात अन्न कसे वाटले जाते, हे पाहण्याची दृष्टी येते.

५

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी प्रवासवर्णनाचे केंद्र बदलले. परदेशगमन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले आणि निवेदक हा मुख्यतः आस्वादक झाला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) हे या काळातील सर्वाधिक लोकप्रिय ग्रंथ. ‘पूर्वरंग’मधील निवेदक आशियातील शहरांत वावरताना आपले मध्यमवर्गीय अवघडलेपण विनोदाने उघड करतो. स्वतःवर हसण्याची ही वृत्ती हे त्या लेखनाचे नैतिक बळ आहे. तिच्यामुळे पाहणारा पाहिल्या जाणाऱ्यांच्या वर चढून बसत नाही. त्यांच्या असंख्य अनुकरणकर्त्यांनी विनोद घेतला, अवघडलेपण मात्र टाकून दिले. पुढे सहलसंस्थांच्या सोयीने प्रवास निर्धोक झाला आणि वर्णनांतून परकी माणसे हळूहळू नाहीशी झाली. उरली ती स्थळे, भोजने आणि सहप्रवाशांच्या गमती.

याच काळात दुसरा प्रवाह गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये जिवंत राहिला. तेथे नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस काठावरच्या लोकांनी दिलेल्या अन्नावर चालतो. तिसरा, अधिक ऐहिक प्रवाह अनिल अवचट यांच्या वृत्तांतलेखनाचा. ‘माणसं’सारख्या पुस्तकातील लेखक पर्यटक नसतो, तरीही तो सतत प्रवासात असतो, कष्टकऱ्यांच्या वस्तीत बसतो, कामाची रीत विचारतो, मजुरी विचारतो, आणि त्या मजुरीत घर कसे चालते हेही विचारतो. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात या लेखनाला सहसा स्थान दिले जात नाही. ते द्यायला हवे. शहर कमी खर्चात कसे पाहावे, यापेक्षा शहर स्वतः किती कमी मजुरीवर चालते, हे त्याने दाखवले.

६

आता सांगानेरकडे परत येता येईल. पाठपिशवी घेऊन येणारा तरुण वातानुकूलित गाडी टाळतो, साध्या बसने जातो, वसतिगृहातील सामायिक खोलीत झोपतो आणि रस्त्यावर जेवतो. या निवडीत वाङ्मयीन शक्यता निश्चितच आहे. सांगानेरला जाणाऱ्या बसमध्ये त्याला ठसे ठोकणारा मजूर भेटू शकतो. सहलीच्या गाडीत तो भेटणार नाही. परंतु ही निर्धनता ऐच्छिक आहे. ती कोणत्याही क्षणी संपवता येते, आणि म्हणून तिच्यात गोडसे भटजींच्या काळजीची धार येत नाही. ती तशी यावी, अशी अपेक्षा करणेही गैर ठरेल. गरिबीचे कौतुक करणे हा समीक्षेचा हेतू असू शकत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. काटकसर ही प्रवाशाला परिसराचे देणे मान्य करायला शिकवते, की घेणे वाढवायला? कमी पैशांत अधिक पाहणे हा पराक्रम मानला की प्रत्येक भेट सौद्यात रूपांतरित होते. सर्वांत स्वस्त चादर मागणारा ग्राहक बहुधा जाळीछपाईची चादर हाताच्या छपाईची समजून घेऊन जातो. तिची कमी किंमत त्याने भरलेली नसते, एवढेच; ती द्रव्यवतीच्या पाण्याने आणि छापणाऱ्याच्या मजुरीने भरलेली असते. अशा प्रवाशाचा हिशेब त्याच्या वहीत स्वस्त दिसतो, कारण त्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच्या वहीत मांडलेला असतो. १७५१ मध्ये जयपूरच्या दरवाजातून आत शिरलेल्या प्रेक्षकांनाही आपल्या हिशेबाचा दुसरा भाग दिसला नव्हता.

प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना म्हणूनच एक निकष नव्याने जोडणे उचित होईल. निवेदकाला आपले ऋण दिसते काय? ज्याने वाट दाखवली, पाणी दिले, ज्याच्या कमी मजुरीमुळे आपला मुक्काम परवडला, तो माणूस त्याच्या लेखनात आपल्या कामासह आणि आपल्या प्रश्नांसह उभा राहतो काय? हा निकष लावला असता दक्षिणेसाठी निघालेला वरसईचा भिक्षुक, दुष्काळातून चालत आलेली रमाबाई आणि हळदीच्या किंवा विडीच्या कामगारांत बसणारा वृत्तांतकार हे एका परंपरेचे ठरतात. अनेक सचित्र, सुखद आणि लोकप्रिय प्रवासवर्णने तिच्या बाहेर राहतात.

एखादा मराठी लेखक सांगानेरच्या स्थानकावर उतरला, तर त्याच्यापुढे विषयाची वाण नाही. हिरड्याच्या पाण्यात भिजलेले कापड आहे, चिंध्यांचा कागद आहे, रंगीत झालेली नदी आहे आणि नामदेवांचे नाव सांगणारी माणसे आहेत. त्याने बसने यावे की विमानाने, हा त्याचा प्रश्न. मात्र नामदेवांच्या नावाने आपल्याशी आपुलकीने बोलणाऱ्या कारागिराला त्या दिवसाची मजुरी किती मिळाली, एवढे विचारून आणि ते लिहून तो परतला, तर त्याच्या पिशवीतील वही शिदोरीच्या आणि कावडीच्या जातीची ठरेल.